मालाचा विमा आणि माणसांचा विमा

व्यापार म्हणजे जोखीम आणि व्यापारी म्हणजे ती जोखीम मोजून पत्करणारा मनुष्य, अशी आपल्या धंद्याची व्याख्या केली तर ती फारशी चुकणार नाही. या भागात रेल्वे येण्यापूर्वी धारवाडकडील कापूस बैलगाड्यांतून घाट उतरून कुमठा बंदरी जात असे आणि तेथून गलबतांनी मुंबईस पोचत असे. वाटेत पाऊस, चोर, आग आणि समुद्र अशी चार संकटे उभी असत. जुन्या व्यापारात 'जोखमी हुंडी' नावाची एक हुंडी चालत असे. माल सुखरूप पोचला तरच तिचे पैसे द्यावयाचे. माल बुडाला तर हुंडीही बुडाली. कर्ज आणि विमा या दोन्ही गोष्टी त्या एकाच कागदात गुंफलेल्या असत. विमा कंपन्यांची छापील पॉलिसी पेढीवर येण्याच्या आधीच संकटाची किंमत ठरविण्याची विद्या आपल्या व्यापारी वर्गास अवगत होती, हे यावरून दिसून येईल.

आजही ती विद्या आपण विसरलेलो नाही. दुर्गद बैलावरील दुकान असो, दाजीबान पेठेतील पेढी असो किंवा अमरगोळच्या बाजार आवारातील अडत असो, गोदामाला आगीचा विमा असतो, लॉरीला अपघाताचा असतो आणि वाटेतील मालाला वाहतुकीचा असतो. बँकेचे कर्ज काढावयाचे तर मालाचा विमा दाखवावाच लागतो. परंतु ज्या माणसाच्या शब्दावर ती पेढी चालते, त्याचा स्वतःचा, त्याच्या पत्नीचा, वृद्ध आईवडिलांचा आणि दुकानातील गुमास्त्याचा आरोग्यविमा आहे काय, असे विचारले तर पुष्कळ ठिकाणी उत्तर मिळत नाही, किंवा "कधीतरी काढला होता, पुढे हप्ता भरावयाचा राहिला" असे उत्तर मिळते. माल जळाला तर भरपाई आणि मालक आजारी पडला तर मुद्दलाला हात, असा हा विपरीत प्रकार आहे. तो केवळ आळसामुळे घडलेला नाही. आरोग्यविम्याच्या व्यवस्थेतच आपल्यासारख्या वर्गासाठी एक मोठी पोकळी राहून गेली आहे. ती कशी निर्माण झाली, तिचे समाजावर काय परिणाम होतात आणि ती भरून काढण्यासाठी आपणांस काय करता येईल, याचे थोडक्यात विवेचन या लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

विम्याचे मर्म

विमा म्हणजे गुंतवणूक नव्हे आणि दानही नव्हे. तो अनेकांनी मिळून वाटून घेतलेला तोटा होय. एक काल्पनिक हिशेब मांडू. समजा, १,००० कुटुंबे एकत्र आली. वर्षभरात त्यांपैकी ५० कुटुंबांत कोणाला तरी रुग्णालयात ठेवावे लागले आणि प्रत्येक वेळी सरासरी ८०,००० रुपये खर्च आला. एकूण खर्च ४० लाख रुपये झाला. तो सर्वांनी वाटून घेतला तर प्रत्येक कुटुंबाच्या वाट्यास ४,००० रुपये येतात. व्यवस्थेचा खर्च वरून धरावा. ज्या रकमेने एखादे घर बसले असते, ती रक्कम सणाच्या खरेदीइतकी लहान झाली, हाच विम्याचा चमत्कार.

आता याच हिशेबाची दुसरी बाजू पाहू. "आम्ही धडधाकट आहोत, आम्हांस विम्याची गरज काय?" असे म्हणून ४०० निरोगी कुटुंबे बाहेर पडली. आजारी पडणारी ५० कुटुंबे मात्र आतच राहिली. तोच ४० लाखांचा भार आता ६०० कुटुंबांवर पडला आणि प्रत्येकाचा वाटा सुमारे ६,६७० रुपये झाला. हप्ता वाढलेला पाहून आणखी २०० निरोगी कुटुंबे निघून गेली, की उरलेल्या ४०० जणांचा वाटा १०,००० रुपयांवर जातो. अशा रीतीने निरोगी मनुष्य बाहेर पडत गेला की विमा महाग होतो आणि महाग झाला की आणखी माणसे बाहेर पडतात. शेवटी आत उरतात ते बहुतेक आजारीच. ज्या वर्गाला विमा घेण्याची मोकळीक आहे पण सक्ती नाही, त्या वर्गाचा आरोग्यविमा महाग का, याचे एक मोठे कारण या हिशेबात आहे. जेथे सर्वजण एकदम आत येतात, तेथेच तो स्वस्त पडतो. पुढील सर्व विवेचनाची किल्ली या एका गोष्टीत आहे.

संरक्षण प्रथम कोणाला मिळाले?

आजारपणाच्या सक्तीच्या विम्याची सुरुवात जर्मनीत बिस्मार्कच्या कारकीर्दीत १८८३ साली झाली, आणि ती कारखान्यातील कामगारांपासून झाली. कामगाराचे नाव पगारपत्रकावर असते. मालकाकडून व कामगाराकडून वर्गणी कापून घेणे सोपे असते. आणि निरोगी-आजारी असा भेद न करता सर्वांना एकदम आत घेता येते. आपल्या देशातही हाच मार्ग पत्करला गेला. औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना तयार करण्याचे काम प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे सोपविण्यात आले होते. त्यांचा अहवाल १९४४ साली सादर झाला. त्याच्या पायावर १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे प्रत्यक्ष कामास आरंभ झाला. सुरुवातीस दरमहा ४०० रुपयांपर्यंत पगार असणारांस ही योजना लागू होती; १ जानेवारी २०१७ पासून ही मर्यादा २१,००० रुपये आहे. १ जुलै २०१९ पासून मालकाची वर्गणी पगाराच्या सव्वातीन टक्के आणि कामगाराची पाऊण टक्का अशी आहे. म्हणजे १५,००० रुपये पगाराच्या माणसामागे मालकास दरमहा ४८७ रुपये ५० पैसे आणि कामगारास ११२ रुपये ५० पैसे पडतात. त्या बदल्यात कामगाराला व त्याच्या कुटुंबाला उपचार तर मिळतातच. शिवाय आजारपणात वर्षाकाठी ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम हाती येते.

रेल्वेचे उदाहरण तर आपल्या डोळ्यांसमोरच आहे. हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपमधील कामगाराला रेल्वेचे रुग्णालय आहे आणि निवृत्तीनंतरही त्या सोयीचा लाभ घेण्याची व्यवस्था आहे. त्याच गल्लीत राहणारा आणि कदाचित त्याच्याहून अधिक प्राप्ती असणारा दुकानदार मात्र या बाबतीत उघडा असतो. एकाच भिंतीच्या दोन बाजूंस राहणाऱ्या दोन कुटुंबांत हा फरक पडतो, तो उत्पन्नामुळे नव्हे. पगारपत्रकावर नाव असणे आणि नसणे, एवढ्यामुळेच.

पुढे गरिबांसाठी योजना आल्या. या बाबतीत कर्नाटकाने देशास एक धडा घालून दिला, असे म्हणावयास हरकत नाही. १९०५ साली तेव्हाच्या धारवाड जिल्ह्यातील व आज गदग जिल्ह्यात असलेल्या कणगिनहाळ गावी सिद्धनगौडा पाटील यांच्या पुढाकाराने शेतकी सहकारी पतपेढी स्थापन झाली. भारतातील सहकारी चळवळीच्या आरंभीच्या पतपेढ्यांत तिचे स्थान मानाचे आहे. त्याच सहकाराच्या जाळ्यावर जवळजवळ शंभर वर्षांनी, २००३ साली, 'यशस्विनी' ही शेतकऱ्यांची आरोग्ययोजना उभी राहिली. हृदयशल्यचिकित्सक डॉ. देवी शेट्टी यांची ती कल्पना. आरंभी माणशी दरमहा ५ रुपये वर्गणी होती, आणि पहिल्याच वर्षी सुमारे १६ लाख शेतकरी तीत आले. योजना २०१८ साली बंद पडली आणि जानेवारी २०२३ पासून पुन्हा सुरू झाली. या खेपेस नागरी सहकारी संस्थांच्या सभासदांनाही तीत स्थान मिळाले. धर्मस्थळाच्या ग्रामाभिवृद्धी योजनेने २००४ साली बचत गटांतील सभासदांसाठी 'संपूर्ण सुरक्षा' नावाने असाच उपक्रम सुरू केला. सत्तूरचे एस. डी. एम. वैद्यकीय महाविद्यालय ज्या धर्मस्थळाच्या परंपरेतून उभे राहिले, तिचाच हा उपक्रम आहे, हे येथील वाचकांस सांगावयास नको.

२३ सप्टेंबर २०१८ रोजी केंद्र सरकारची 'आयुष्मान भारत' योजना सुरू झाली. गरीब कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयातील उपचार मोफत, असे तिचे स्वरूप आहे. कर्नाटकात ती 'आरोग्य कर्नाटक' योजनेशी जोडली गेली. येथे दारिद्र्यरेषेखालील कार्ड असणारांस पूर्ण लाभ आहे. इतरांस मात्र ठरलेल्या दराच्या ३० टक्के एवढेच साहाय्य, आणि तेही कुटुंबास वर्षाला दीड लाख रुपयांच्या मर्यादेत मिळते. आणीबाणीचा प्रसंग वगळल्यास सरकारी रुग्णालयाची चिठ्ठीही आणावी लागते. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्व वृद्धांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेत घेण्याचे धोरण केंद्र सरकारने अंगीकारले आहे.

मधली पोकळी

या सर्व योजना एका ओळीत मांडून पाहिल्या म्हणजे पोकळी आपोआप दिसू लागते. पगारदाराला मालकाचे संरक्षण आहे. गरिबाला सरकारचे आहे. श्रीमंताला स्वतःच्या तिजोरीचे आहे. या तिघांच्या मधे जो वर्ग उरतो, तो लहान दुकानदार, दलाल, अडत्या, कारागीर, लहान शेतकरी आणि त्यांच्याकडे काम करणारा गुमास्ता यांचा. तो गरिबीच्या यादीत बसत नाही, कारण त्याच्या नावावर दुकान असते. तो पगारपत्रकात बसत नाही, कारण तो स्वतःच मालक असतो. बाजारातील विमा त्यास महाग वाटतो, कारण तेथे निरोगी माणसे आपण होऊन कमी येतात.

नीती आयोगाने ऑक्टोबर २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात या वर्गाचा स्वतंत्र विचार केला आहे. देशातील किमान ३० टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ४० कोटी माणसांना, आरोग्यखर्चापासून कसलेच आर्थिक संरक्षण नाही, असे त्यात नमूद आहे. देशाच्या एकूण आरोग्यखर्चातील लोकांनी थेट खिशातून केलेल्या खर्चाचा वाटा २०१४-१५ साली ६२.६ टक्के होता. २०२१-२२ साली तो ३९.४ टक्क्यांवर आला. ही प्रगती निश्चितच स्वागतार्ह आहे. तथापि सरासरीचा आकडा हा बाजारभावाच्या सरासरीसारखा असतो. त्यात कोणाचा माल विकला गेला आणि कोणाचा पडून राहिला, हे समजत नाही.

दुकानातील नोकराची स्थिती तर अधिक नाजूक आहे. कर्मचारी राज्य विमा सामान्यतः १० अथवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांस लागू होतो. आपल्या बाजारातील कित्येक दुकाने चार, सहा, आठ माणसांवर चालतात. म्हणून तेथील गुमास्ता, तोलणारा, हमाल यांतून सहज बाहेर राहतो. त्याच्या घरी आजारपण आले की तो मालकाकडे उचल मागतो, आणि मालकही बहुधा देतो. आपल्या परंपरेतील ही माणुसकी भूषणावह आहे. परंतु ती उचल पुढे पगारातून वळती होत राहते आणि एका शस्त्रक्रियेसाठी तो नोकर कित्येक वर्षे बांधला जातो, याचाही विचार झाला पाहिजे.

विम्याने जीव वाचतो काय?

विम्यामुळे पैसा वाचतो हे समजते. पण त्याने जीव वाचतो काय, अशी शंका कोणी घेईल. तिचे उत्तर आपल्याच उत्तर कर्नाटकाने दिले आहे. २०१० सालापासून राज्य सरकारने दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठी 'वाजपेयी आरोग्यश्री' योजना प्रथम राज्याच्या उत्तर भागात सुरू केली. हृदयविकार, कर्करोग यांसारख्या मोठ्या दुखण्यांचा खर्च तीत होता. दक्षिण भागात ती नंतर गेली. त्यामुळे काही काळ राज्याच्या मधोमध जणू एक रेघ ओढली गेली. रेघेच्या उत्तरेकडील गावांतील गरिबांना विमा आणि दक्षिणेकडील शेजारच्या गावांतील तशाच गरिबांना तो नाही, अशी स्थिती होती. संशोधकांनी दोन्ही बाजूंची गावे तपासली आणि निष्कर्ष २०१४ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध केले. योजनेत बसणाऱ्या दुखण्यांनी होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण विमा असलेल्या गावांतील गरीब कुटुंबांत ०.३२ टक्के, तर विमा नसलेल्या गावांतील गरीब कुटुंबांत ०.९० टक्के आढळले.

याच अभ्यासातील दुसरी गोष्ट आपणांस अधिक लागू आहे. दारिद्र्यरेषेवरील कुटुंबांना ती योजना नव्हती, आणि त्यांच्या बाबतीत रेघेच्या दोन्ही बाजूंस मृत्यूंच्या प्रमाणात फरक दिसला नाही. म्हणजे रुग्णालये जवळ असणे पुरेसे नाही, खर्चाची भीती दूर झाली तरच मनुष्य वेळेवर रुग्णालयाची पायरी चढतो, असा याचा अर्थ आम्ही करतो. छातीतील कळ "पित्ताची असेल" म्हणून अंगावर काढली जाते, याच्या मुळाशी पुष्कळदा अज्ञानापेक्षा हिशेबच अधिक असतो.

पॉलिसी असूनही उघडे

ज्यांच्याकडे विमा आहे, त्यांचेही संरक्षण पूर्ण असतेच असे नाही. देशात वैयक्तिक 'मेडिक्लेम' १९८६ साली सुरू झाला. तेव्हापासून त्याच्या अटी समजून न घेतल्यामुळे होणारा मनस्ताप पुष्कळांच्या वाट्यास आला आहे. त्यांपैकी मुख्य अटी येथे सांगणे उपयुक्त होईल.

पहिली अट प्रतीक्षाकाळाची. पॉलिसी घेतल्यावर अपघात वगळता पहिले ३० दिवस सामान्यतः काहीच मिळत नाही. मोतीबिंदू, हर्निया यांसारख्या ठराविक दुखण्यांस बहुधा दोन वर्षे थांबावे लागते. पूर्वीपासून असलेल्या मधुमेह, रक्तदाब अशा विकारांसाठी हा काळ जास्तीत जास्त तीन वर्षांचा असावा, असा नियम १ एप्रिल २०२४ पासून आहे. म्हणून दुखणे दारात आल्यावर विमा काढणे म्हणजे आग लागल्यावर विहीर खणण्यासारखे होय. हप्ता चुकून पॉलिसी खंडित झाली तर सरलेला प्रतीक्षाकाळही वाया जातो, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरी अट खोलीच्या भाड्याची. समजा, पॉलिसीत खोलीची मर्यादा रोज ५,००० रुपये आहे आणि रुग्णाने १०,००० रुपयांची खोली घेऊन पाच दिवस काढले. खोलीचे ५०,००० रुपये झाले. त्यातील २५,००० आपणांस भरावे लागणार, हे उघड आहे. परंतु डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृह इत्यादी खर्चही अनेक पॉलिसींत त्याच प्रमाणात कापला जातो. तो खर्च १ लाख असेल तर ५०,००० रुपयेच मिळतात. औषधांचे ५०,००० पूर्ण मिळाले, तरी २ लाखांच्या बिलात ७५,००० रुपये घरचे जातात. मोठ्या खोलीसाठी आपण २५,००० रुपये जास्त दिले असे वाटते. प्रत्यक्षात तिप्पट जातात. तेव्हा मर्यादा वाचून मगच खोली निवडावी.

तिसरी गोष्ट सत्यकथनाची. अर्ज भरताना जुने दुखणे लपविले तर पुढे दावा नाकारला जाण्याचा धोका असतो. मध्यस्थ "लिहू नका" म्हणाला तरी स्वच्छ लिहावे. हप्ता थोडा वाढेल, पण पॉलिसी भक्कम होईल. पाच वर्षे अखंड हप्ते भरल्यावर, लबाडी सिद्ध झाल्याखेरीज, माहिती दिली नाही या कारणावरून कंपनीस दावा नाकारता येत नाही.

चौथी उणीव सर्वांत व्यापक आहे. बहुतेक पॉलिसी आणि सरकारी योजना रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णासाठीच असतात. मधुमेहाची रोजची गोळी, डॉक्टरांची फी, रक्ताची तपासणी यांस त्या लागू होत नाहीत. घरखर्चास दरमहा झीज लागते ती याच खर्चाने. शिवाय दुकान बंद राहिल्यामुळे बुडालेला धंदा साधा मेडिक्लेम भरून देत नाही. कारखान्यातील कामगारास आजारपणात पगाराचा काही भाग मिळतो. दुकानदाराचा मात्र गल्लाच थांबतो.

समाजावर होणारे परिणाम

विम्याच्या या पोकळीचे परिणाम एका घरापुरते राहत नाहीत. पहिला आघात मुद्दलावर होतो. नफ्यातून खर्च भागेनासा झाला की खेळते भांडवल काढले जाते, मग दागिने, मग घर. भांडवल आटले की माल कमी येतो, गिऱ्हाईक दुसरीकडे वळते, नोकरास रजा द्यावी लागते. ज्या घाऊक व्यापाऱ्याने उधारीवर माल दिला, त्याची उधारी अडकते. एका शस्त्रक्रियेची झळ अशी चार घरांपर्यंत पोचते.

दुसरा परिणाम कमी दिसतो, पण तो अधिक खोल जातो. व्यापाऱ्याचे खरे भांडवल त्याची पत. मालकास गंभीर दुखणे आहे अशी वार्ता बाजारात पसरली की देणाऱ्याचा हात आखडतो आणि घेणारा वसुलीची घाई करतो. त्यामुळे व्यापारी मनुष्य दुखणे लपवितो, उपचार लांबवितो, आणि मदत तर कोणापाशीच मागत नाही. आपल्या समाजात औषधदानास चतुर्विध दानांत स्थान आहे, आणि दवाखान्यांसाठी देणाऱ्या हातांची आपल्याकडे उणीव नाही. परंतु दान हे मागणाऱ्यापर्यंत पोचते. ज्याला मागणे म्हणजे पत घालविणे वाटते, त्याच्यापर्यंत ते पोचत नाही. विम्याचे श्रेष्ठत्व येथे आहे. त्यात घेणारा याचक नसतो. तो आपला हक्क वसूल करीत असतो.

तिसरा परिणाम घरातील स्त्रियांवर होतो. पैसा अपुरा असला की कोणाचे दुखणे आधी, हा प्रश्न उभा राहतो, आणि पुष्कळदा गृहिणी स्वतःचे दुखणे शेवटच्या रांगेत लावते. मुलांचे, विशेषतः मुलींचे, पुढील शिक्षणही अशा वेळी थांबते. चौथा परिणाम सार्वजनिक रुग्णालयांवर होतो. १९५७ साली स्थापन झालेल्या आणि आपण आजही 'केएमसी' अथवा 'किम्स' म्हणतो त्या हुबळीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आसपासच्या जिल्ह्यांतूनही रुग्ण येतात. खाजगी रुग्णालयात पैसे संपल्यावर रुग्ण अखेरीस तेथे आणला जातो, तेव्हा दुखणे वाढलेले असते आणि डॉक्टरांच्या हाती थोडेच उरलेले असते.

आपल्या हाती काय आहे?

प्रत्येक गोष्ट सरकारने करावी, असे म्हणून स्वस्थ बसणे व्यापारी वर्गास शोभत नाही. आपल्या हाती असलेल्या काही गोष्टी अशा :

पहिली, कुटुंबाची पॉलिसी तरुणपणी व निरोगी असताना घ्यावी आणि ती खंडित होऊ देऊ नये. वैयक्तिक व कौटुंबिक आरोग्यविम्यावरील १८ टक्के जी. एस. टी. २२ सप्टेंबर २०२५ पासून रद्द झाला आहे. कंपनी पसंत नसेल तर पॉलिसी सोडून न देता मुदतीत दुसऱ्या कंपनीकडे वळवून घ्यावी. तसे केल्यास सरलेला प्रतीक्षाकाळ हिशेबात धरला जातो. नवी पॉलिसी वयाच्या ६५ वर्षांपर्यंतच्या माणसांस देऊ केली की कंपनीस पुरे, ही जुनी मर्यादाही १ एप्रिल २०२४ पासून उरलेली नाही.

दुसरी, दुकानातील माणसांचा विचार करावा. सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली आहे. तीनुसार १० पेक्षा कमी माणसे असलेल्या आस्थापनेसही, मालक आणि बहुसंख्य कामगार यांची संमती असल्यास, कर्मचारी राज्य विम्यात स्वेच्छेने येता येते. वर्गणीचा हिशेब वर दिलाच आहे. उचल देऊन वर्षानुवर्षे वसूल करीत बसण्यापेक्षा हा मार्ग मालक व नोकर दोघांनाही हितावह आहे.

तिसरी, ज्यांना सरकारी योजना लागू आहेत त्यांनी कार्ड आधीच काढून ठेवावे. ७० वर्षांवरील आईवडिलांचे, सहकारी संस्थेचे सभासद असल्यास यशस्विनीचे, आणि नोकराच्या घरचे आयुष्मानचे. कोणत्या रुग्णालयात ते कार्ड चालते, हे सवडीच्या वेळी विचारून ठेवावे. रात्री रुग्णवाहिकेत बसून विचारण्याची ती गोष्ट नव्हे. रोजच्या औषधांसाठी जनऔषधी केंद्राचा उपयोग करण्यात कमीपणा मानू नये.

चौथी गोष्ट संघटनेने करावयाची आहे. केवळ विमा मिळविण्यासाठी जमविलेल्या मंडळींना सामूहिक पॉलिसी देता येत नाही, असा नियम आहे. व्यापारी संघ हा मात्र दुसऱ्या उद्देशाने आधीच स्थापन झालेला समूह असल्याने त्यास ती घेता येते. सामूहिक पॉलिसीत कित्येकदा प्रतीक्षाकाळ माफ होतो, आणि वृद्ध व आजारी सभासदांनाही जागा मिळते. पण वर मांडलेला १,००० कुटुंबांचा हिशेब येथे लक्षात आणावा. तरुण आणि धडधाकट सभासद आत आले तरच वृद्धांचा हप्ता परवडेल. ते बाहेर राहिले तर दोनतीन वर्षांत दावे वाढतील, हप्ता चढेल आणि योजना बसेल. सामूहिक पॉलिसीवर जी. एस. टी. अद्याप लागतो, हेही हिशेबात धरावे. शिवाय सामूहिक पॉलिसी वर्षावर्षाची असते; म्हणून घरची लहानशी स्वतंत्र पॉलिसी चालू ठेवून सामूहिक पॉलिसी तिच्या जोडीस घ्यावी, हे उत्तम.

पाचवी, दावा नाकारला गेल्यास गप्प बसू नये. प्रथम कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे जावे. आपल्या राज्यासाठी लोकपालाचे कार्यालय बेंगळुरू येथे आहे. तेथे फी लागत नाही आणि वकिलाची गरज नसते. मात्र कंपनीचे अखेरचे उत्तर आल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज केला पाहिजे. प्रत्येक बाजारात कागदपत्रे पाहून देणारा एखादा जाणकार सभासद नेमला तर वयस्क सभासदांची फार मोठी सोय होईल.

वर्षअखेरीस आपण माल मोजतो, उधारी-उसनवारी तपासतो, बुडीत खाती बाजूस काढतो आणि नवी वही पूजेस लावतो. त्याच दिवशी आणखी एका यादीस स्थान द्यावे, अशी आमची सर्व सभासदांस नम्र सूचना आहे. घरातील आणि दुकानातील प्रत्येक माणसाचे नाव, त्याच्यापुढे विम्याचा प्रकार, रक्कम आणि हप्त्याची तारीख. ज्या नावापुढची जागा कोरी राहील, ती त्या पेढीची खरी जोखीम होय. मालाची मोजदाद आपण पिढ्यान्‌पिढ्या बिनचूक करीत आलो आहोत. माणसांची मोजदादही तितक्याच काळजीने केली, तर पुढील दिवाळीच्या पाडव्यापर्यंत आपल्या बाजारातील पुष्कळ कोऱ्या जागा भरलेल्या दिसतील, असा आम्हांस विश्वास वाटतो.